तटस्थ कोण?

प्रवासाचे जे अनेक प्रकार आज सुखवस्तू लोकांत रूढ आहेत, त्यांत द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातून वाहणाऱ्या नदीवरील नौकाविहार हा बहुधा सर्वांत निरुपद्रवी गणला जाईल. जर्मनीतील ऱ्हाइन व मोझेल, पोर्तुगालमधील दोरू या नद्यांवर असे विहार चालतात. प्रवासी एकदा नौकेत बसला की त्याला बिछाना बदलावा लागत नाही की सामान उचलावे लागत नाही. तो आरामखुर्चीवर स्वस्थ बसतो, आणि डोंगरउतारावरचे मळे, प्रार्थनामंदिरांचे मनोरे व लहान लहान गावे आपणहून त्याच्यासमोर येतात आणि निघून जातात. सायंकाळी नौका एखाद्या गावाला लागते. प्रवासी तासभर हिंडतो, तेथील मद्याचा एक पेला चाखतो आणि परततो. यात कोणाचे काही बिघडले असे सकृद्दर्शनी दिसत नाही. तरीही एक नैतिक प्रश्न उरतोच. जे सौंदर्य दुसऱ्याच्या कष्टांनी उभे राहिले व ज्यात आपला काडीचाही वाटा नाही, ते दुरून उपभोगल्याने पाहणाऱ्यावर काही ऋण चढते काय?

हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या गावाच्या बाजूने विचारावा, हे वाचकांस प्रथम विचित्र वाटेल. येथे अडाण नदी आहे, पण विहाराची नौका तीत कधी येणार नाही. येथे कापूस, तूर व सोयाबीन पिकते; द्राक्षांचा मळा शोधूनही सापडावयाचा नाही. तथापि नद्यांचे नातेगोते माणसांच्या समजुतीहून लांबवर पोहोचते. अडाण पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि ती अखेर गोदावरीत जाते. त्याच गोदावरीच्या उगमाकडे, नाशिकच्या परिसरात, महाराष्ट्राचा द्राक्षप्रदेश आहे. शिवाय याहून बळकट असे दुसरे कारण आहे. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव वाटसरूंना गाडीच्या खिडकीतून रोज दिसते. तेव्हा पाहणारा कोण याची चर्चा पुष्कळ झाली असली, तरी पाहिले जाणे म्हणजे काय, हे सांगण्याचा अधिकार अशाच गावांना आहे.

आपल्या भाषेत या प्रसंगास लागू पडणारा एक मार्मिक शब्द आहे: तटस्थ. तटावर उभा असलेला तो तटस्थ. प्रवाहात पडलेल्याची धडपड जो कोरड्या अंगाने पाहतो, ज्याला बुडण्याचे भय नाही, तो. परंतु नौकाविहारात या शब्दाची सारी व्यवस्था उलटी होते. प्रवाहात असलेला प्रवासी निर्धास्त असतो, आणि अक्षरशः तटावर असलेला मळेकरी मात्र गारपीट, कीड, बाजारभाव व मजुरी यांच्या प्रवाहात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. मग तटस्थ म्हणावे कोणास?

यावर रसिकांचा आक्षेप ठरलेला आहे. ते म्हणतील की सौंदर्यास अंतर लागतेच. भट्टनायकाने साधारणीकरणाचा जो विचार मांडला, त्याचे मर्म हेच की वैयक्तिक लाभहानीचा संबंध सुटल्यावाचून रसास्वाद संभवत नाही. हे आम्हांस मान्य आहे. परंतु तो विचार नाट्य व काव्य यांच्याविषयीचा होता. रंगभूमीवरचे दुःख अभिनयाचे असते. पडदा पडल्यावर नट तोंडावरचा रंग पुसून घरी जातो. तीरावर पाटी वाहणाऱ्या बाईला पुसून टाकता येईल असा रंग नसतो. नाट्याचा न्याय नदीकाठास सरसकट लावणे म्हणजे जिवंत माणसांस त्यांच्या संमतीवाचून नट करणे होय.

दोरू नदीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील द्राक्षप्रदेशाची सीमा १७५६ साली, पोम्बाल याच्या कारकिर्दीत, सरकारी हुकमाने आखली गेली. ज्या उतारांची आज प्रवासी निसर्ग म्हणून स्तुती करतो, ते पिढ्यान्‌पिढ्या मजुरांनी खडक फोडून व दगडी बांध रचून केलेले आहेत. मद्याची पिंपे ‘राबेलो’ नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून खाली पोर्तोकडे येत, आणि वाटेतील खळाळ फार घातकी असे. १८६१ साली जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा मातबर मद्यव्यापारी वालेइरा येथे होडी उलटून बुडाला. पुढे नदीवर धरणे बांधली गेली, नौकांस चढउतार करता यावा म्हणून त्यांत पाणदरवाजे बसविले गेले, आणि पाणी संथ झाले. ज्या ठिकाणी नावाडी जीव मुठीत धरून वल्ही मारीत, तेथे आता प्रवासी पेला हातात धरून बसतो. पिन्यांव या गावच्या रेल्वेस्थानकाच्या भिंतींवर द्राक्षांची तोडणी करणाऱ्या माणसांची चित्रे निळ्या फरशांवर रंगविली आहेत, व त्या चित्रांची छायाचित्रे लोक हौसेने घेतात. कष्ट चित्रात शिरले की ते आवडू लागतात.

आपल्याकडे निराळे काय आहे? कार्तिकात यवतमाळकडच्या रस्त्याने जाणाऱ्यास दोहों बाजूंस फुटलेला कापूस दिसतो. ते पांढरे रान सुंदर असते, यात शंका नाही. परंतु २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, हेही तितकेच खरे आहे. यांतील एका सत्याने दुसरे खोडले जात नाही. आणि हीच तर खरी अडचण आहे. विदर्भाचा कापूस वाहून नेण्यासाठी घातलेली यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची आगगाडी, लोकांची लाडकी ‘शकुंतला’, आता थांबली आहे. तिच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या कापसाचे गठ्ठे बांधणारे हात आठवतात?

येथवरच्या विवेचनावरून आम्ही सौंदर्यास्वाद निषिद्ध मानतो, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. डोळे मिटून घेतल्याने कोणा मजुराचे ओझे हलके होत नाही, आणि नुसत्या खंतीने तर खंत करणाऱ्याचेच समाधान होते. आमचे म्हणणे इतकेच की पाहणे ही फुकट मिळालेली वस्तू नव्हे. तिचे मोल दोन प्रकारे चुकते करावे लागते. पहिला प्रकार जाणून घेण्याचा: हा बांध कोणी रचला, ही पाटी किती रोजाने उचलली जाते, हे विचारण्याइतके कुतूहल तरी असावे. दुसरा प्रकार याहून कठीण आहे. आपणही पाहिले जात आहोत, तीरावरच्या माणसालाही डोळे आहेत व आपल्याविषयी त्याचे काही मत आहे, हे सहन करणे. पेल्याचे पैसे दिल्याने पेल्याचे देणे फिटते. दृश्याचे देणे तेवढ्याने फिटत नाही.

आणि हा हिशेब बोरी अरबच्या माणसासही चुकत नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारे धोरण स्वीकारल्यावर नाशिककडे मद्यनिर्मितीचा व्यवसाय वाढला, व मळे पाहावयास येणाऱ्यांचीही गर्दी वाढली. त्या मळ्यांत हंगामापुरते राबावयास पेठ व सुरगाणा तालुक्यांतून आदिवासी कुटुंबे येतात. यवतमाळच्या बाजारात द्राक्षांचा घड घेणारा कापूस-उत्पादक त्यांचा विचार करतो काय? त्या घडापुरता तोही नौकेतच बसलेला असतो. कोणीही मनुष्य सदैव तीरावर नसतो आणि सदैव नौकेतही नसतो. म्हणूनच एका बाजूस सारे दोषी व दुसऱ्या बाजूस सारे निर्दोष अशी वाटणी या प्रश्नात करता येत नाही.

एखाद्या पावसाळ्यात अडाणला मोठा पूर येऊन वाहतूक खोळंबली, की खिडकीतून गाव पाहत जाणाऱ्यांस खाली उतरून काठावर उभे राहावे लागते. ते खऱ्या अर्थाने तटस्थ होतात. मग ते गावाचे नाव विचारतात, पाणी केव्हा उतरेल हे गावकऱ्यांस विचारतात, टपरीवर चहा घेतात. आणि पलीकडच्या शेतात किती पाणी शिरले असेल, असा प्रश्न त्यांच्यातील एखादा तरी काढतो. तो प्रश्न पूर नसतानाही विचारता येण्यासारखा आहे.