घाईचे मोल कोणी द्यावे?

लाभ एकाने घ्यावा व जोखीम दुसऱ्याने वाहावी, हा व्यवहार न्याय्य केव्हा ठरतो? मोबाईलवरून अन्न मागविण्याच्या सोयीने हा जुना प्रश्न नव्या वेषात आपल्या दाराशी आणून उभा केला आहे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरील होती. झोमॅटो वा स्विगीचा तरुण आपले ताट घेऊन येतो तो ह्याच वाहनावरून.

कंपन्या म्हणतात, उशिराबद्दल आम्ही त्यास दंड करीत नाही. वेग हा त्याच्या खुषीचा मामला. हा युक्तिवाद आम्हांस लंगडा वाटतो. मजुरी फेरीगणिक मिळत असेल, तर सिग्नलला थांबलेले प्रत्येक मिनिट त्याच्याच खिशातून जाते. मग निराळा दंड हवा कशाला?

जोखीम पत्करणे मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. १९४३ च्या सुमारास नाना पाटलांच्या प्रतिसरकारात कुंडलच्या जी. डी. बापू लाड प्रभृती तरुणांनी प्राण पणास लावले. परंतु ते ध्येय त्यांचे स्वतःचे होते. त्याच कुंडलचा एखादा तरुण आज पुण्याच्या रस्त्यावर परक्याची बिर्याणी निवू नये म्हणून जीव धोक्यात घालीत असेल, तर त्यास शौर्य म्हणवत नाही. ती केवळ गरज होय. आणि वाटेतल्या पादचाऱ्याने तर कोणताच करार केलेला नसतो.

यावर कोणी म्हणेल, मग काय उपाशी राहावे? तसे नव्हे. वक्तशीरपणा निराळा व घाई निराळी. मुंबईचे डबेवाले शतकाहून अधिक काळ वेळेवर जेवण पोहोचवीत आले. कारण त्यांची वेळ आधीच ठरलेली असते आणि लांबचा पल्ला आगगाडी तोडते. अमेरिकेत डॉमिनोजने अपघातांच्या दाव्यांपायी तीस मिनिटांची हमी १९९३ साली सोडून दिली. त्याने तिचा धंदा बुडाला नाही.

तेव्हा मजुरी फेरीऐवजी तासांवर द्यावी, विम्याचा भार कंपनीने उचलावा व त्यापायी वाढलेली किंमत आपण मुकाट्याने द्यावी, हेच आम्हांस न्याय्य दिसते. ती देण्याची तयारी नसेल, तर आपणांस घाई करण्याचा अधिकार नाही. थोडे थांबावे, अथवा घरीच पिठले टाकावे.