कच्चं मडकं



आजोबांची अमेरिकन विलीज जीप मी दोन वर्षांपूर्वी रंगवली, वरूनच. लोक फोटो काढायचे. यंदा बॉडी उतरवली आणि मिस्त्रीकाका चासीवर हातोडी मारत गेले. खण, खण... आणि मधेच भद्द! आतून गंजलेली. मला त्यांचाच राग आला.

गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी तपासली, तेव्हा नामदेवरायांनाही राग आला होता. ज्यांच्याशी विठ्ठल बोलायचा, ते कच्चं मडकं? पण तेच पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला आले.

काल औंढा नागनाथला, १३व्या शतकातल्या त्या देवळात, अरुंद पायऱ्यांनी गाभाऱ्यात उतरताना वाकावंच लागलं. माझे उपवासाचे स्टेटस आठवले. तोही रंगच की!

येताना मिस्त्रीकाकांना फोन केला. म्हटलं, काका, चुकलं माझं. कापा कुठवर कापायचं ते.