पायीं जाण्याचें पुण्य

ऐच्छिक कष्टांचें नैतिक मूल्य काय, हा प्रश्न वर्गांत शिकवितांना सोपा वाटतो. आपल्या धर्मशास्त्राची भूमिका तर अगदीं स्पष्ट आहे : संकल्पावांचून व्रत नाहीं. अन्न समोर असतां जो एकादशी करितो त्याला पुण्य; ज्याच्या घरीं अन्नच नाहीं त्याची ती उपासमार. कांटसारख्या पाश्चात्य तत्त्वज्ञानेंही मूल्य ठेविलें तें सदिच्छेच्या ठायींच. तर्काला हें सर्व पटतें. परंतु मुंबई-नाशिक रस्त्यावर, शहापूर आणि खर्डी यांच्या दरम्यान, एक दिवस पायीं काढल्यास या निर्णयाविषयीं शंका येऊं लागते. निदान आम्हांस आली.

रामनवमीच्या सुमारास मुंबईंतील अनेक मंडळें पालख्या घेऊन या रस्त्यानें शिरडीस जातात. गेल्या वर्षीं अशाच एका पालखीबरोबर आम्ही एक दिवस चाललों. पहांटे शहापूर सोडलें तेव्हां डावीकडे माहुलीचे सुळके नुकते दिसूं लागले होते. (शहाजीराजे १६३६ सालीं या गडाच्या आश्रयास होते, त्यांचा तो मुक्काम कांहीं ऐच्छिक नव्हता!) आटगाव ओलांडीपर्यंत भजन जोरांत होतें. ऊन चढलें तसे टाळ पिशवींत गेले आणि पुढें नुसता पावलांचा व मालमोटारींचा आवाज राहिला. डांबर तापतें, तळपायांस फोड येतात, दृष्टि पुढच्या झाडापलीकडे जात नाहीं. याहून अधिक आध्यात्मिक असें कांहीं आमच्या अनुभवास आलें नाहीं, हें सांगून टाकलेलें बरें. मात्र मागें टेंपो होता आणि त्यांत अंथरुणें, औषधें, थंड पाणी होतें. ठिकठिकाणीं चहा-सरबत घेऊन लोक उभे होते. एका तरुणानें तर आमचे पाय धुण्याचा आग्रह धरिला.

खर्डीच्या अलीकडे डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेतलेली एक म्हातारी रस्त्याच्या कडेनें येत होती. तिनें विचारलें, “कुठं चाललात, बाबा?” आम्हीं शिरडी सांगितली. “पायीं? गाडी चुकली का काय?” थट्टा तिच्या मनांत मुळींच नव्हती. पाड्यावरची विहीर आटल्यापासून ती दिवसांतून तीन खेपा करिते, जाऊन येऊन एकेक कोसाच्या. आणि मुंबईची तहान भागविणारे जलाशय याच व शेजारच्या टापूंत आहेत : १८९२ सालचा तानसा, १९५७ सालचा मोडक सागर, त्यानंतरचा भातसा, २०१४ सालचा मध्य वैतरणा. मोडक सागराची वाट तर खर्डीवरूनच फुटते. तरीही शहापूर तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पहावी लागते.

आतां शास्त्राप्रमाणें हिशेब मांडला तर आमच्या एका दिवसाच्या सहा कोसांना पुण्य, आणि तिच्या रोजच्या तीन कोसांना शून्य! हा हिशेब कोठें तरी चुकतो.

मग ऐच्छिक चालणें हें सुखवस्तूंचें ढोंग, असें कोणी म्हणेल. तेंही आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेंत बेंटन मॅके यानें १९२१ सालीं सुचविलेली आणि १९३७ सालीं पुरी झालेली अ‍ॅपलाचियन पायवाट सुमारें साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे. लोक ती महिनोनमहिने चालतात. तेथें देव नाहीं, नवस नाहीं. १९४८ सालीं ती सलग चालून गेलेला अर्ल शॅफर हा महायुद्धांतून परतलेला सैनिक होता. युद्धाचा भार मनावरून उतरविण्यासाठीं तो निघाला होता. त्याच्या चालण्यास चैन म्हणण्यास जीभ धजत नाहीं.

आमच्या मतें भेद पडतो तो थांबण्याच्या मुभेनें. पालखीबरोबरचा मनुष्य वाटेल तेव्हां टेंपोंत बसूं शकतो; पाण्याला निघालेली बाई बसूं शकत नाहीं. पण गरज आली कीं संकल्प संपला, असें समजण्याचें कारण नाहीं. मार्च २०१८ मध्यें याच रस्त्यानें हजारो शेतकरी, त्यांत पुष्कळसे आदिवासी, नाशिकहून मुंबईस पायीं आले. अंतर सुमारें १८० किलोमीटर, आणि मुख्य मागणी वनजमीन नांवावर व्हावी ही. ११ तारखेस दिवसभर चालून ते सोमय्या मैदानावर पोंचले. दुसऱ्या दिवशीं दहावीची परीक्षा होती. मुलांची वाट अडूं नये म्हणून ते लोक त्याच रात्रीं पुन्हां उठले आणि उजाडण्यापूर्वीं आझाद मैदानावर गेले. सोललेल्या पायांनीं काढलेली ही शेवटची मजल त्यांच्यावर कोणत्या गरजेनें लादली होती? शास्त्राचा तराजू मनुष्य कां निघाला एवढेंच तोलतो. कसा चालला, वाटेंत कोणाचा विचार केला, हें त्यांत घालावयास जागाच नाहीं.

असें असूनही, गरजेनें चालणाऱ्यांच्या पदरीं सरसकट पुण्य घालावें, असें म्हणण्यास आम्ही कचरतों. २०२० च्या टाळेबंदींत हाच रस्ता, डोक्यावर गांठोडीं आणि खांद्यावर मुलें घेऊन उत्तरेकडील आपल्या गांवीं निघालेल्या मजुरांनीं भरून गेला होता. त्यांच्या चालण्यास तप म्हटलें तर तें त्यांना चालावयास लावणाऱ्यांच्या फार सोयीचें होतें. खर्डीच्या म्हातारीचेंही तसेंच. तिला तपस्विनी ठरविलें कीं पाड्यावर नळ नेण्याची निकड तेवढी कमी होते. त्या दिवशीं निघण्यापूर्वीं तिनें कळशींतलें पाणी आमच्याबरोबरच्या एका मुलाच्या ओंजळींत ओतलें. टेंपो शंभर पावलांवर उभा होता, आणि तो तिला दिसत होता.