अडवलेल्या तारखेचे पैसे

‘स्वतःची किंमत ओळखा आणि न लाजता मागा’ हा सल्ला हल्ली प्रत्येक मुक्त व्यावसायिकाला मिळतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नाटकांचा आणि गाण्याच्या कार्यक्रमांचा ध्वनी सांभाळणाऱ्यांच्या बाबतीत तो मला उथळ वाटतो, आणि क्रूरही. पैसे बुडाले तर दोष मागणाऱ्याच्या जिभेचा, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

चांगल्या माणसाला बाजार दर देतोच, असं हा सल्ला देणारे म्हणतात. देत असेल. माइकची शिट्टी वाजायच्या आत तो खाली घेणारा हात कोणता, हे निर्माते ओळखतात आणि त्याची ‘नाईट’, म्हणजे प्रयोगाचं मानधन, वाढवूनही देतात. पण हा माणूस विकतो काय? प्रयोगाचे तीन तास? त्यासाठी तो दुपारीच येऊन वायरिंग करतो, प्रयोगानंतर सामान गाडीत चढवतो, शेवटची लोकल चुकली तर फलाटावर रात्र काढतो. हे सगळं दरात धरता येतं, असं मानू. तरी एक गोष्ट उरतेच: त्या तारखेसाठी त्याने बाकीच्यांना दिलेला नकार. गणपती ते दिवाळी या हंगामात तो नकार फार महाग पडतो. मग पाऊस येतो, गायकाचा घसा बसतो, परवानगी अडकते, आणि आयोजकाचा फोन येतो, ‘दादा, पुढच्या वेळी नक्की.’ दर पाचशेने चढवलेला असो की पाच हजारांनी, हातात काही पडत नाही. बोलण्यातलं कौशल्य दर वाढवतं. रद्द झालेल्या तारखेला ते निरुपयोगी असतं. आग्रह धरावा, तर आयोजकाच्या फोनमध्ये दुसरा नंबर तयार असतो.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या एका दिवाळी पहाटेच्या आयोजनात मी होतो. अवकाळी पावसाने कार्यक्रम रद्द झाला. मंडपवाल्याने आगाऊ रक्कम ठेवून घेतली, फुलवाल्याचे पैसे आम्ही चुकते केले. साउंडच्या मुलाला काहीच दिलं नाही, आणि ते बैठकीत कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. ती चूक मला अजून बोचते.

यासाठी कायदा आहेच, हे कायद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांचं म्हणणं अर्धंच खरं. चित्रपटात ठरावीक मानधन-मर्यादेतल्या कामगाराला लेखी कराराशिवाय घ्यायला १९८१ च्या कायद्याने मनाई होती. रंगमंच त्यात नव्हता. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असं २००६ चा कायदा सांगतो, पण ते झालेल्या कामाचे. न झालेल्या कामासाठी अडवलेल्या दिवसाबद्दल त्यात काही नाही.

रोज नवा मालक, मग अटी ठरवायच्या कुणाशी, असंही विचारलं जातं. माथाडींचाही मालक रोज बदलायचा. १९६९ च्या कायद्याने मंडळं आली आणि हमालाच्या मजुरीचा प्रश्न एकेकट्याच्या घासाघिशीतून बाहेर निघाला.

म्हणजे मालक रोज बदलला तरी अटी सगळ्यांसाठी ठरू शकतात. त्या ठरवताना माझा आग्रह एकाच भेदावर आहे: काम वेगळं, तारीख वेगळी. दोन्हींचे पैसे वेगळे ठरले पाहिजेत. हा भेद आयोजकांना नवा नाही. ठाण्याचं गडकरी रंगायतन असो, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर असो की कल्याणचं अत्रे रंगमंदिर, तारखेसाठी ते आधी पैसे भरतात आणि आयत्या वेळी रद्द केली तर नुकसान सोसतात. भिंतींच्या तारखेला किंमत आहे हे त्यांना मान्य आहे. माणसाची तारीख मात्र ‘पकडून ठेव रे’ एवढ्या तोंडी शब्दावर अडवली जाते.

आयोजकांना माझी विनंती आहे. सभागृहाचे पैसे भराल त्याच दिवशी साउंडवाल्यालाही त्याच्या तारखेचे पैसे द्या. ठरलेल्या रकमेच्या निम्मे द्या, पण कार्यक्रम रद्द झाला तर ते परत मागू नका.