पाहण्याचा अधिकार

मुंबईच्या उपनगरांतून, आमच्या कांदिवलींतूनहि, हल्लीं कांहीं कुटुंबें थेट अंटार्क्टिकाच्या सफरीस जातात व परतल्यावर पेंग्विनांचीं छायाचित्रें आप्तेष्टांस कौतुकानें दाखवितात. या कौतुकास नांवें ठेवण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. दूरदेशींचें प्राणिजीवन पाहण्याची जिज्ञासा ही मनुष्याच्या चांगल्या प्रवृत्तींपैकींच एक होय. परंतु ज्याला आपण पाहतों, त्याची त्यास संमति आहे हें आपणांस कशावरून कळतें, हा प्रश्न उरतोच.

प्रवासी म्हणतात, “पेंग्विन आम्हांला भ्यालाच नाहीं, तो आपण होऊन जवळ आला.” हें अगदीं खरें आहे. दक्षिण ध्रुवखंडावर अस्वल नाहीं, लांडगा नाहीं. पेंग्विनाचे शत्रु पाण्यांत आहेत, आकाशांत आहेत; जमिनीवरून चालत येणाऱ्याची भीति शिकण्याचा प्रसंगच त्याच्यावर आला नाहीं. पण या अजाणपणाला आमंत्रण समजावयाचें काय? ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील मॅक्वारी बेटावर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत पेंग्विनांस मोठमोठ्या पिंपांत वाफवून त्यांचें तेल काढीत असत. तेथेंहि ते पक्षी माणसाला फारसे भ्याले नव्हते.

आजचा प्रवासी तसा क्रूर नाहीं, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. १९९१ सालीं सफरी काढणाऱ्या कंपन्यांनीं आपला संघ स्थापन केला व स्वतःवर निर्बंध घालून घेतले. पेंग्विनापासून ५ मीटर दूर राहावें. एका ठिकाणीं एका वेळीं १०० हून अधिक प्रवासी किनाऱ्यावर नसावेत. ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजानें कोणासहि उतरवूं नये. पक्षी वाटेंत आडवा आला तर माणसानें थांबावें, वाट त्याची. लाखाहून अधिक लोक एका हंगामांत तिकडे जाऊं लागल्यावर हे नियम नसते तर काय झालें असतें, याची कल्पनाच बरी!

तथापि शास्त्रज्ञांनीं अंड्यांवर बसलेल्या पेंग्विनांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हां असें आढळलें कीं, माणूस जवळ येतांच बाहेरून निश्चल दिसणाऱ्या पक्ष्याचेहि ठोके वाढतात. तो उठून जात नाहीं, कारण अंडें सोडून त्यानें जावें कोठें? छायाचित्रांत मात्र तो प्रसन्न दिसतो.

येथें घराजवळचें उदाहरण आठवतें. कांदिवलीच्या पूर्वेस सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे व त्यांत बिबळे आहेत. रानाच्या कडेला वर्षानुवर्षें राहूनहि अनेकांना बिबळ्या कधीं दिसत नाहीं. दिसतो तो ओल्या मातींतला ठसा, किंवा रात्रीं झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानें टिपलेलें चित्र. तो माणसाला पुरतें ओळखून आहे, म्हणून लपतो. एखाद्या रात्रीं तो इमारतीच्या आवारांत शिरला कीं पिंजऱ्याची मागणी होते. ही भीति खोटी नव्हे. या परिसरांत बिबळ्यानें माणसें मारलीं आहेत. तरीहि विसंगति लक्षांत घेण्याजोगी आहे. पेंग्विन जवळ आला तर तें आमचें भाग्य, बिबळ्या आला तर त्याचा अपराध! अंतर किती असावें तें दोन्हीं वेळां आम्हींच ठरवितों आणि दोन्हीं वेळां आमच्या सोयीनें.

माझ्या मतें पाहण्याच्या अधिकाराची खरी कसोटी न दिसण्याच्या प्रसंगीं लागते. उत्तर ध्रुवाकडील स्वालबार्ड बेटांत नॉर्वे सरकारनें १ जानेवारी २०२५ पासून पांढऱ्या अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहण्याचें बंधन घातलें आहे. १ मार्च ते ३० जून या काळांत तें ५०० मीटर आहे. इतक्या दुरून अस्वल म्हणजे बर्फावरचा एक पिवळसर ठिपका. लाखों रुपये मोजून ठिपकाच पाहावा लागला, अशी तक्रार एखादा प्रवासी करील, आणि व्यवहाराच्या दृष्टीनें ती खोटीहि नसेल. पण त्यानें पैसे दिले ते जहाजाचे, अन्नाचे, वाटाड्याचे. अस्वलानें कांहीं घेतलें नव्हतें. त्या कायद्यांत “तें आपण होऊन जवळ आलें” ही सबबहि चालत नाहीं. अस्वल ठरलेल्या अंतराच्या आंत दिसलें, तर मागें सरावयाचें तें माणसानेंच.