पाणी तेवढंच

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावात, शेतीवर चालणाऱ्या घरातलं चौथी-पाचवीचं मूल रोज तीन-चार मापांत वावरतं. घरात शेत एकर-गुंठ्यांत बोललं जातं, सातबाऱ्यावर तेच हेक्टर-आरमध्ये उतरतं. सोयाबीन क्विंटलने विकतात, बियाणं किलोने आणतात, फवारणीचं औषध पंपामागे इतके मिलिलिटर असं सांगतात. आजीच्या तोंडी अजून पायली असते. मग वर्गात प्रश्न येतो: ३ किलोमीटर जास्त की २५०० मीटर? मूल २५०० वर बोट ठेवतं.

उत्तर चुकलं म्हणून फुली मारावी आणि पुढे जावं, असं हे बोट नाही. आकडा वस्तूचा असतो की मोजणाऱ्याचा, हा जुना प्रश्न त्या बोटाखाली आहे.

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाने तो बारकाईने तपासला होता. त्याचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी सांगितलेल्या २४ गुणांत परिमाण आहे आणि संख्याही आहे, पण दोघांची जात वेगळी. परिमाण, म्हणजे लहान-मोठेपण, द्रव्यात वसतं. दोन आणि त्यापुढची संख्या मात्र अपेक्षाबुद्धीमुळे उपजते. ‘हा एक, हा एक’ असं पाहून त्यांना एकत्र धरणारी ही बुद्धी. ती ओसरली की तिच्यामुळे आलेली संख्याही उरत नाही. मीटर-किलोमीटर त्या आचार्यांपुढे नव्हते, तरी त्यांचा भेद पुसेगावच्या वर्गात लागू पडतो. रस्त्याची लांबी रस्त्यात आहे. २५०० हा आकडा कुणीतरी मीटर हातात धरून मोजत गेलं, म्हणून आला.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांसमोर रुंद पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतलं. लहान मुलं म्हणाली, पाणी वाढलं. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मूल ठामपणे सांगू लागतं की पाणी तेवढंच आहे. चौथीतलं मूल पेल्याला फसत नाही, आकड्याला फसतं. १ लिटरचे १००० मिलिलिटर झाले की तोच उंच पेला पुन्हा त्याच्यासमोर येतो, आता अंकांचा. आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला ‘तीन शून्यं चढव’, ‘टिंब डावीकडे सरकव’ अशा युक्त्या शिकवतो. युक्ती वाईट नाही, पण ती फार लवकर येते.

आधी ओतू द्यावं. लिटरची बाटली, १०० मिलिलिटरचा कप आणि बादली एवढं पुरतं. ओतण्यापूर्वी एवढंच विचारावं: कप लहान आहे, मग आकडा वाढेल की घटेल? माप लहान तर मोजणी जास्त, हे हाताला कळलं की शून्य कोणत्या बाजूला द्यायचं ते पाठ करावं लागत नाही. जुनी पिढी हे असंच शिकली होती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ते धान्य भरताना कळत होतं. याच भागात निजामाच्या राज्याचा हाली सिक्का चाले आणि सात हाली रुपयांना सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, असा हिशेब बाजारात तोंडी होई. १९५७ साली सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तोही बदल त्याच लोकांनी पचवला.

तरीही वर्गात एखाद्या मुलाला ‘गणितात कच्चा’ म्हटलं जातं, तेव्हा संत नामदेव आठवायला हवेत. त्यांचं नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. शिंप्याच्या घरातला हा मुलगा, ज्याच्या घरी गजाने कापड मोजलं जाई. कथा सर्वांना ठाऊक आहे: गोरोबाकाका कुंभारांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेव कच्चं मडकं ठरले. पण कथा तिथे थांबत नाही. नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याच्या शिवमंदिरात गेले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. ‘देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव,’ एवढंच ते म्हणाले. नामदेवांनी पाय हलवले. जिथे ठेवले तिथे पिंड. जागा बदलली, देव कमी-जास्त झाला नाही. विसोबांनी हे समजावून सांगितलं नाही. शिष्याच्याच हातांनी पाय उचलायला लावले. कच्च्याला पक्कं करण्याची याहून चांगली रीत शिक्षकाला कुठे मिळणार?

एक जपायला हवं. मुलाला सगळंच सगळ्यात बदलता येतं असं वाटू नये. पायली हे आकारमानाचं माप आहे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांचे किलो सारखे भरत नाहीत. वस्तू तीच, गुणही तोच, तरच नुसतं एकक बदलता येतं.

मिलिमीटरचे थेट लिटर होत नाहीत, मधे क्षेत्रफळ लागतं, हे शिकवायला पावसाळा हा उत्तम शिक्षक आहे. समजा, पर्जन्यमापकात ४० मिलिमीटर भरले. मूल पट्टीवर चार सेंटिमीटर पाहून म्हणेल, एवढाच? एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, एकराचे ४० गुंठे. आता हिशेब त्यालाच करू द्यावा: त्याच्या घरच्या एका एकरावर त्या पावसात जवळपास १ लाख ६२ हजार लिटर पाणी पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे सोळा टँकर. पट्टीवरच्या त्या चार सेंटिमीटरांकडे ते पुन्हा पाहतं.