तीन घोडे आणि एक जुनी जीप

मागच्या महिन्यात इशाच्या नमाजनंतर मस्जिदीच्या पायऱ्यांवर एका ओळखीच्या बंधूंनी मला थांबवले. दहा वर्षे कुवेतमध्ये काढून ते गावी परतले आहेत आणि डोंगराच्या उतारावर त्यांची हापूसची बाग आहे. त्यांनी विचारले, "मौलाना, जुनी फोर-बाय-फोर घेणे इस्राफमध्ये मोडते का? घरचे म्हणतात, लोक नावे ठेवतील." गाडी 2014 सालची थार होती. मी त्यांना तेथेच उत्तर देऊ शकलो असतो. मात्र बोलता बोलता माझ्या ध्यानी आले की त्यांनी विचारलेला प्रश्न एक आहे आणि त्यांच्यासमोर उभा असलेला प्रश्न निराळाच आहे.

आधी विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. सूरह नहलच्या आठव्या आयतीत अल्लाहतआला घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख करतो. ती सवारीसाठी आहेत आणि शोभेसाठीही आहेत, असे सांगून, तुम्हाला ठाऊक नाही असेही तो निर्माण करतो, असे पुढे म्हटले आहे. वाहन देखणे असावे, त्यात बसताना मनाला बरे वाटावे, ही इच्छा आपल्या धर्माने पाप ठरवलेली नाही. आपले कपडे व पादत्राणे चांगली असावीत असे वाटणे म्हणजे अहंकार काय, असे एका सहाबींनी विचारले होते. सत्य झिडकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे अहंकार, असा खुलासा प्रेषितांनी (स.) केला. खरे सांगायचे तर त्या जीपच्या उंच आसनावर मीही क्षणभर बसून पाहिले आणि मला ते आवडले. माझी स्वतःची स्कूटर तिसऱ्या मालकाच्या हातून माझ्याकडे आली आहे, तेव्हा हा मोह मला अगदीच अपरिचित आहे असे समजू नये.

तरीही बुखारी व मुस्लिम यांनी नोंदवलेली एक हदीस अशा वेळी विसरता येत नाही. घोडे तीन प्रकारचे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. एका माणसासाठी घोडा पुण्य ठरतो, दुसऱ्यासाठी आडोसा, तर तिसऱ्यासाठी ओझे. अल्लाहच्या मार्गासाठी घोडा बाळगणाऱ्याला त्याच्या प्रत्येक पावलाचे पुण्य मिळते; मालकाच्या मनातही नसताना तो नदीवर पाणी प्यायला तरी ते त्याच्या नावे लिहिले जाते. दुसरा माणूस लोकांपुढे हात पसरावा लागू नये म्हणून घोडा पाळतो आणि त्या घोड्याच्या मानेवरचा व पाठीवरचा अल्लाहचा हक्क विसरत नाही. तिसरा तो केवळ मिरवण्यासाठी व वैरासाठी बाळगतो. मग गाढवांविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा आदेश उतरलेला नाही, कणभर भले व कणभर बुरे दाखवले जाईल असे सांगणारी ती सर्वसमावेशक आयत तेवढी आहे, असे उत्तर आले. माझ्या समजुतीप्रमाणे जीपही त्याच आयतीच्या कक्षेत येते.

आमच्या या बंधूंची बाग अशा ठिकाणी आहे की जून महिना लागला की तांबड्या मातीचा रस्ता लोण्यासारखा होतो आणि साध्या गाडीची चाके जागच्या जागी फिरत राहतात. खते वर न्यायची, पेट्या खाली आणायच्या. हा उघडउघड दुसरा घोडा होय. पाठीवरचा हक्क म्हणाल, तर पावसाळ्यातल्या रात्री वाडीतल्या एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवणे हा त्या हक्काचा भाग नाही, असे कोण म्हणेल? याउलट याच जातीच्या गाड्या सुटीच्या दिवशी समुद्राच्या ओल्या वाळूत नेऊन गोल गोल फिरवणारे तरुणही आपण पाहतो. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वेळास आणि आंजर्ले येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी पुरतात. त्या वाळूवरून गाडी दौडवणाऱ्याचा घोडा कोणता, हे ज्याचे त्याने ओळखावे.

इस्राफचा प्रश्न येथे संपला. त्यांच्याजवळ रोख रक्कम होती, म्हणून व्याजाच्या कर्जाचा विषय निघाला नाही. ज्यांच्या बाबतीत तो निघतो त्यांनी गाडीची हौस एक पायरी खाली आणावी, इतकेच म्हणतो.

आता पारखीविषयी. अशा गाडीत गियरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा असतो. तो ओढला की चारही चाकांना जोर मिळतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ओढून गाडी चालवू नये, कारण वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि त्यांना जोडणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. परिणामी डांबरावर फेरी मारून पाहणारा ग्राहक दोन चाकांची परीक्षा घेतो आणि पैसे मात्र चार चाकांचे मोजतो. घोडामैदान जवळच आहे, असे मराठीत म्हणतात. येथे ते खरेखुरे मैदान चिखलाचेच असले पाहिजे. खाली वाकून चॅसिस पाहावी, कारण आमची खारी हवा लोखंड आतून खाते. डिफरन्शियलमधले तेल दुधाळ झालेले असेल तर आत पाणी शिरले आहे, हे ओळखावे. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या महापुरानंतर तर सीटखालचे रूळ आणि गालिचे उचलून बारीक गाळ शोधणे हे आमच्या भागातल्या प्रत्येक ग्राहकाचे काम होऊन बसले आहे.

दोष सांगण्याची जबाबदारी एकट्या विक्रेत्याची आहे, असे समजू नका. इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये हजरत वासिला (रजि.) यांची हकीकत दिली आहे. एका माणसाने तीनशे दिरहमांना सांडणी विकली. ग्राहक ती घेऊन निघून गेला, तेव्हा वासिला (रजि.) त्याच्यामागे धावले आणि त्यांनी विचारले, ही मांसासाठी घेतलीस की सवारीसाठी? सवारीसाठी, असे कळताच त्यांनी तिच्या पायातले छिद्र सांगितले. विक्रेत्याला किंमत शंभर दिरहमांनी उतरवावी लागली आणि तो वैतागला. वासिला (रजि.) त्या सौद्यात कोणीही नव्हते. आपल्या गावातल्या मेकॅनिकांनी ही हकीकत जरूर वाचावी. राहिला प्रश्न 'जशी आहे तशी घ्या' या शब्दांचा. आमच्या शाफई मतानुसार विक्रेत्याला ठाऊक असलेला दोष त्या शब्दांनी झाकला जात नाही. हनफी फिकहमध्ये अशा अटीला अधिक वाव आहे, परंतु जाणूनबुजून फसवण्याला तेथेही वाव नाही.

गाडीत दोष फारसे निघाले नाहीत. खरी अडचण उलट बाजूने आली. जीप शेजारच्या वाडीतल्या एका हिंदू गृहस्थांची होती. ते या बंधूंचे शाळेतले मित्र. गेल्या वर्षी वारले. त्यांच्या पत्नीला गाडी चालवता येत नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, कोणी चार लाख म्हणत होते. मला यातले काही कळत नाही, तुम्हीच योग्य ते सांगा." ही गाडी साडेपाचाच्या खाली जाणार नाही, हे बंधूंना ठाऊक होते. माझ्याशी बोलताना ते म्हणाले, "मौलाना, मी खोटे बोललो नाही. आकडा त्यांनीच सांगितला. स्वस्त मिळणे हा गुनाह आहे का?"

स्वस्त मिळणे गुनाह नाही. बाजारात अनोळखी माणूस आपल्या मालाची किंमत सांगतो आणि आपण ती मान्य करतो, यात कोणतीही फसवणूक नाही. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या माणसाने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमांना घोडा ठरवला होता. जरीर (रजि.) यांनी घोडा पाहिला, याची किंमत अधिक आहे असे मालकाला सांगितले आणि स्वतःच शंभर-शंभर वाढवत आठशे दिरहम दिले. प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतण्याची शपथ आपण प्रेषितांपुढे (स.) घेतली आहे, असे कारण त्यांनी दिले. ही इहसानची पातळी आहे. ती सर्वांवर बंधनकारक आहे, असे मी म्हणणार नाही.

बंधूंनी लगेच विचारले, "शपथ मुसलमानांसाठी होती ना?" हा प्रश्न ऐकून मला वाईट वाटले, पण त्याचे उत्तर देणे भाग होते. इब्न हजर अस्कलानी (रह.) यांनी बुखारीच्या आपल्या टीकेत लिहिले आहे की तेथे मुसलमान हा शब्द बहुतांश प्रसंग ध्यानात घेऊन आला आहे, मुस्लिमेतराने सल्ला विचारला तर त्यालाही योग्य तेच सांगायचे असते. आणि त्या बाईंनी सल्लाच विचारला होता. ज्याचा सल्ला घेतला जातो तो अमानतदार असतो, ही हदीस आपण लग्नाच्या स्थळांची चौकशी करताना नेहमी सांगतो. "तुम्हीच सांगा" हे शब्द उच्चारले गेले त्या क्षणी आमचे बंधू केवळ ग्राहक राहिले नाहीत. साडेपाच लाख देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. ते साडेचार देऊ करू शकतात किंवा नको म्हणू शकतात. मात्र बाजारभाव किती, हे वहिनींना सांगितल्याशिवाय त्यांनी कोणताही आकडा देऊ नये, असे मी स्पष्ट सांगितले. वल्लाहु आलम.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, कारण ती फार लोक हलक्यात घेतात. आर.टी.ओ.कडे फॉर्म 29 व 30 भरून नाव बदलून घ्यायचे आणि विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा. नोंदीत नाव जुनेच राहिले तर उद्या अपघात झाल्यावर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. येथे तो मालक वारला आहे, म्हणून आधी वारसाच्या नावे नोंद व्हायला हवी. त्यासाठी वहिनींना कचेरीत खेटे घालायला लावू नयेत, सोबत आपण जावे.

ते ऐकून घेऊन उठले, सलाम करून निघून गेले. त्यानंतर दोन जुमे झाले, पहिल्या सफमध्ये ते दिसतात, पण या विषयावर अजून काही बोललेले नाहीत. फज्रनंतर मी त्या वाडीवरून चालत जातो तेव्हा जीप अंगणात निळ्या ताडपत्रीखाली उभी दिसते. मागचे एक चाक बसले आहे. मृग जवळ येत चालला आहे आणि बागेचा रस्ता तोच आहे.